धोका सिद्ध झाला

मंडळी, प्रत्येकाला वेगळं सांगायचं बळ नाही, म्हणून मंडळाच्या फळ्यावरच लिहितोय.

माझा धाकटा भाऊ रत्नागिरीकडे दागिने घेऊन बाजार फिरायचा. जवळ पिस्तूल बाळगायचा परवाना त्याला नाकारला, कारण ‘जिवाला धोका सिद्ध होत नाही.’ त्याने आणखी दोघा सोनारांसह कोर्टात दाद मागितली.

सरकारला हवा होता तो पुरावा त्याने परवा दिला. बाजाराच्या वाटेवर त्याला लुटून ठार मारलं.

आज इथे आखातात, अदलियाच्या ऑफिसात, त्याच्या वकिलांचा ट्रंक कॉल आला. “अण्णा, वाईट झालं. पण केस आता भक्कम आहे. त्या दोघांसाठी हे कोर्टापुढे मांडू ना?”

“उद्या सांगतो,” म्हणालो आणि उरलेला चहा प्यायलो.

तुमचा भाऊ असता, तर काय सांगितलं असतंत?