कोंबड्यांची शिकवणी

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

परवा फोनवर तुमच्या आईने विचारलं, "आई, माझ्या लहानपणी तू माझं बोलणं कसं सुधारलंस गं? या पोरांचं मराठी ऐकवत नाही." धाकट्याने तिकडच्या बालवाडीतून 'र' गिळायची सवय घरी आणली आहे म्हणे. माझ्याकडे काही पद्धत होती, असा तुमच्या आईचा समज आहे. होती. ती तुमच्यावर वापरली जाण्याआधी तिचं काय झालं ते लिहिते.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आम्ही वाशीत नवीनच राहायला आलो होतो. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि माझे उच्चार निर्दोष आहेत असं मानायचे. इतर कोणी मानत होतं की नाही, ते मी विचारलं नाही. तुमची आई तीन वर्षांची होती. मी शाळेतून येईपर्यंत ती जवळच्या जुन्या गावात एका आगरी मावशींकडे असे. मावशींकडे मोठं अंगण होतं, पाच-सहा कोंबड्या होत्या आणि गप्पांना दिवसभर माणसं होती. दोन महिन्यांत पोरगी "मना पानी दे" म्हणायला लागली. पुण्याहून माझ्या सासूबाई आल्या, तर दारातच त्यांना विचारलं, "म्हातारे, जेवलीस कं?" सासूबाई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलल्या.

मग मी वही केली. तीन रकाने: तारीख, चुकीचं, बरोबर. रोज जेवणाआधी दहा वाक्यं, आणि चुकलेलं वाक्य तीनदा. तुमचे आजोबा म्हणाले, "पोर भुकेली आहे, आधी वाढ तरी." मी म्हटलं, शिस्त म्हणजे शिस्त.

तिसऱ्या आठवड्यात वहीत काहीच लिहायला उरलं नाही. मी खूश झाले. आजोबांना वही दाखवली. त्यांनी ती चाळली आणि विचारलं, "पण ती बोलते कुठे?"

खरंच बोलत नव्हती. पाणी हवं असलं की माठाकडे बोट. नको असलं की मान. दिवसभर काय केलंस विचारलं तर माझ्या तोंडाकडे बघत राही, जणू पेपर कठीण निघालाय. माझी मुलगी माझ्याशी बोलायची थांबली होती आणि मी तिच्या चुका कमी झाल्या म्हणून मिरवत होते.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. मावशींच्या कुडाच्या कुंपणापाशी पोचले तर आतून आवाज आला, शुद्ध, ठणठणीत, अगदी माझा.

"पुन्हा म्हण. पाणी. ण, ण. नीट उभी राहा."

पायरीवर तुमची आई बसली होती, मांडीवर मावशींचा पंचा वहीसारखा उघडलेला. समोर कोंबड्या. एक कोंबडी दाणे टिपायला वळली तशी ती म्हणाली, "तुला आज जेवण नाही." एकही उच्चार चुकला नाही.

मावशी सुपात तांदूळ निवडत होत्या. मला बघून हसल्या नाहीत, म्हणाल्या, "बाई, तिला सगला येतं. तुमाला घाबरते."

मी तिथेच पायरीवर बसले. तुमच्या आईने पंचा झटकन मिटला आणि गप्प झाली. ते गप्प होणं बघितलं आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. काय करावं सुचेना, म्हणून म्हटलं, "मना पानी दे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मावशींकडे. "असा नाय बोलत," ती म्हणाली. "मावशी, हिला येत नाय. परत बोल."

तीनदा बोलायला लावलं. तिसऱ्यांदाही तिचं समाधान झालं नाही, पण पाणी आणून दिलं. घरी जाताना सगळी वाट ती बोलत होती: कुठली कोंबडी खोडकर, मावशींनी कुणाला शिव्या दिल्या, कुणाच्या होडीला भोक पडलं. मी मध्ये एकदाही बोलले नाही. माझ्यासाठी ते फार कठीण होतं.

मावशी आता नाहीत. त्यांच्या अंगणावर चार मजली इमारत उभी आहे. तुमची आई ऑफिसात इंग्रजी बोलते, तुमच्याशी प्रमाण मराठी. दर रविवारी मला फोन करते तेव्हा तिचं पहिलं वाक्य असतं, "आई, कं करतंस?" आणि मग ती तासभर बोलते.