अठ्ठाविसावा प्रश्न

अमरावतीच्या राजापेठेतल्या एका क्लासमध्ये दीपमाला इंगळे सोळा वर्षं दहावीचं विज्ञान शिकवत होती. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न हेरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यामुळे बाप्तिस्मा घेतल्यावर घरचे आपल्याला फैलावर घेणार हे ओळखून तिनं तेच केलं जे तिला येत होतं. दोनशे पानी वही आणली. डाव्या पानावर हरकत, उजव्या पानावर उत्तर. मार्क तेवढे लिहायचे राहिले.

क्लासमध्ये सोबत शिकवणाऱ्या सीमानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मिशनवाल्यांनी काय देल्लं वं तुले?"

"देल्लं काईच नाही. उलट रविवारची झोप गेली," दीपमाला म्हणाली. ते उत्तर वहीत नव्हतं, पण बरं जमलं होतं.

बाकीच्या हरकती बहुतेक तिच्या वडिलांच्या. श्रावणजी अकोल्याला जुन्या शहरात राहत. एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले, आणि बिघाड सापडेपर्यंत नट खोलत राहायची सवय गेली नव्हती. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली बुद्धाला शरण जाऊन घरातले देव मोर्णा नदीत सोडले, तेव्हापासून त्या घरात देवाचं काम नव्हतं.

"माया बापानं टोपलीभर देव नदीत सोडले," श्रावणजी म्हणत, "अन् त्याच्या नातीनं एक उचलून घरी आणला!"

"पटल्याशिवाय काई मानू नको, हे तुमीच शिकवलं न बाबा? म्या तीन वर्सं वाचलं. मंगच पटलं."

"पटलं का भुलली?"

"भुललेल्याले वही लागत नाही."

आई, चतुराबाई, मध्ये ताटं आणून ठेवायची. "भाकर थंडी होऊन राहिली. जेवून घ्या, मंग भांडा." बापलेक जेवायचे आणि हात धुऊन पुन्हा सुरू व्हायचे. खरं सांगायचं तर दोघांनाही त्यात मजा येत होती. सत्तावीस हरकती अशा भाकरीवर भाकरी वाढत जमल्या.

मग चतुराबाईंच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. एका रविवारी दीपमाला प्रार्थना आटोपून तशीच अकोल्याच्या दवाखान्यात गेली, आईचा हात हातात घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, तू बरी होशीन. देवाचा शब्द हाय." असं बोलायला तिला ना पास्टरनी सांगितलं होतं, ना कुणी. उत्तरात 'बहुधा' गाळलं म्हणून पोरांचा अर्धा मार्क कापणारी ही बाई. अकराव्या दिवशी चतुराबाई गेल्या.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, लोक जेवायला बसायचे होते. श्रावणजींनी भरल्या घरात लेकीकडे पाहिलं.

"तुया देवाचा शब्द होता न? मंग काय झालं?"

दीपमालानं वाढायला घेतलेली पत्रावळ खाली ठेवली.

"उत्तर असन तवा ये," ते म्हणाले. "तोवर या घरात त्याचं नाव काढाचं नाही."

अमरावतीला येऊन तिनं अठ्ठाविसावी हरकत लिहिली. पास्टरना विचारलं, पुस्तकं धुंडाळली. उत्तरं मिळाली, छापील आणि बरोबर. पण बाबांसमोर ती वाचून दाखवायची या कल्पनेनंच तिला लाज वाटे. तीनदा लिहून तीनदा पान फाडलं. विश्वास उडाला म्हणावं तर तसंही नाही. रोज सकाळी ती प्रार्थनेला बसायची, आईचं नाव घेऊन रडायची, डोळे पुसून क्लासला जायची. आई गेली होतीच, आता बापही जातो की काय, ही भीती तिला खात होती. भाऊ सुगत फोन करी, तेव्हा मागून बाबांचा खोकला ऐकू येई. तेवढंच.

वर्षश्राद्ध त्या घरात नसे, पण आईच्या पहिल्या स्मृतिदिनाला वंदना ठेवली होती. दीपमाला त्या दिवशी दुपारीच अकोल्याला गेली आणि काही न बोलता वही बाबांच्या हातात ठेवली.

त्यांनी चष्मा लावला. एकेक पान ते इंजिन खोलल्यासारखं वाचत गेले. "हे लंगडं हाय... हे बी... हे बरं लिवलं." शेवटी अठ्ठाविसाव्यावर थांबले. उजवं पान कोरं होतं.

"याचं?"

"येत नाही बाबा." तिनं कोऱ्या पानावर बोट ठेवलं. "अन् थो देवाचा शब्द नव्हताच. माया होता. मले आई पायजे होती."

श्रावणजींनी वही मिटली. आता उठून जा म्हणतील, असं तिला वाटलं.

"म्या बी म्हटलं होतं," ते म्हणाले. "ती जायच्या आदल्या दिवशी. काई होत नाही चतुरा, तू बरी होशीन. मले त डॉक्टरनं खरं सांगतलं होतं. तरी म्हटलं."

"आई काय म्हणे?"

"हासली फक्त."

बाहेर सुगत सतरंज्या अंथरत होता. श्रावणजींनी चष्मा पुसला, मग पुन्हा पुसला.

"तू रोज बोलतं न तुया देवाशी? तिथं तिचं नाव निघते?"

"रोज निघते, बाबा."

"मले पटलं नाही, हे सांगून ठेवतो." वही त्यांनी परत दिली नाही, खिडकीतल्या आपल्या पुस्तकांवर ठेवली. "पण तिचं नाव निघत असन त्याच्याजवळ, तं इथं बी काढत जाय त्याचं."