टाचणीच्या छताला अस्तर

माझ्या धाकट्या नणंदेला घरीदारी सगळे टाचणी म्हणतात. तोंडात कायम दोन-चार टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं ओठांच्या कोपऱ्यातून. शिवणकाम तिचं. तिच्या घरी वरच्या मजल्यावर, उतरत्या छताखालच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल आणि गिऱ्हाइकांचे अर्धवट कपडे. उन्हाळ्यात तिथे भाजून निघायचं आणि थंडीत बोटं अशी आखडायची की काजं करताना सुई हातातून सुटायची.

मागच्या थंडीत एका गिऱ्हाइकाचा कोट तिच्याकडून वेळेवर झाला नाही. असं आधी कधी घडलं नव्हतं. आमचा थोरला म्हणाला, "आत्या, पुरे आता. मशीन विक आणि आमच्याकडे राहायला ये."

"येऊन काय करू? तुझ्या आईची बडबड ऐकू?"

"मी एकटाच ऐकतोय इतकी वर्षं. जरा वाटून घेऊ."

शेवटी ठरलं, छताला आतून फोम मारून बघायचा. पुढच्या थंडीतही बोटं चालली नाहीत तर मशीन विकायचं. ती हो म्हणाली, पण त्या दिवशी धड जेवली नाही.

फोमवाला आला. हा फोम पातळ फवारतात, मग तो फुगून वाशांमधल्या जागेत घट्ट बसतो. त्याने दोन तुकडे दाखवले, एक मऊ, एक कडक. टाचणीने कापड बघावं तसे ते चिमटीत धरले, ओठांना लावून फुंकर मारली. मऊ तुकड्यातून वारा पार गेला, कडक तुकड्याने अडवला.

"तुमचे वासे उथळ आहेत," तो म्हणाला. "कमी जाडीत जास्त ऊब हवी तर कडक घ्या."

"कडकच. कोट शिवायचाय, झबलं नव्हे. पण उसवायचा कसा?"

"काय?"

"नाही जमला तर काढायचा कसा?"

"निघत नाही, बाई. खरवडावा लागतो."

झालं! तिचा चेहराच उतरला. ही बाई कच्चा टाका घातल्याशिवाय काही पक्कं करत नाही. प्रत्येक शिवणीत बोटभर कापड आत राखते, उद्या माणूस जाड झालं तर. लग्नाचंही तसंच. स्थळं चांगली येत, पण "आधी महिनाभर राहून बघते" म्हटल्यावर कोण थांबतंय!

"मग छत भिंतीला टेकतं तिथे वीतभर जागा सोडा," ती म्हणाली. "चारी बाजूंनी."

"अहो, वारा तिथूनच शिरणार."

"शिरू दे. चुकलं तर हात घालायला जागा हवी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तिला आजवर कोणी काही सांगू शकलंय का?

फोम मारला. थंडी आली. खोलीच्या मधोमध छान ऊब, पण टाचणीचं टेबल उजेडासाठी भिंतीलगत, खिडकीपाशी. सोडलेल्या जागेतून वारा नेमका तिच्या हातांवर. तिने फटीत चिंध्या कोंबल्या, तरी बोटं पुन्हा आखडली. एक दिवस थोरला आला, त्याने त्या चिंध्या पाहिल्या.

"आत्या, मशीन घेणारं कोणी बघू का?"

तिने एक चिंधी ओढून काढली, फटीपुढे तळहात धरला, बराच वेळ.

"फोमवाल्याला बोलाव."

"खरवडायला?"

"भरायला. सगळं."

नव्या फोमचा वास जाईपर्यंत ती आमच्याकडे राहिली. भाजी निवडता निवडता म्हणाली, "वहिनी, आता परत फिरायला जागा नाही राहिली."

"अगं, छत आहे ते, नवरा नव्हे."

हसली, पण देठं आणि पानं एकाच ताटात टाकत होती.

परवा मी तिच्याकडे गेले. बाहेर कडाक्याची थंडी, आणि वर थोरला हात पसरून उभा, ती त्याच्या कोटाचं माप घेतेय. पोटावरून टेप फिरवत म्हणाली, "तू वाढतोयस, मीच काय ते काम बंद करायचं होतं!" त्याच्यामागे अजून चार कोटांचं कापड ठेवलेलं. मी दारातच उभी राहून बघत होते.

"वहिनी, आत या नाहीतर बाहेर जा," ती मान न वळवता म्हणाली. "दार उघडं ठेवून ऊब घालवू नका."