नामानं फुलासारखी उचललेली बॅग

त्या गोल्फच्या मैदानावर तीन नामा कामाला होते. एक गवत कापायच्या मशीनवरचा, एक कँटीनमधला आणि तिसरा 'टिपणिसांचा नामा'. हे नाव त्याला कोणी बारशाला दिलं नव्हतं. चौदा वर्षं एकाच माणसाच्या मागून चालून त्यानं ते कमावलं होतं, आणि वाडीत कोणी नुसतं 'नामा कॅडी' म्हटलं तर त्याला मनातून आवडायचं नाही.

कॅडीचं काम ऐकायला सोपं आहे. साहेबाच्या काठ्यांची बॅग खांद्यावर टाकायची आणि डोंगराच्या पायथ्याच्या त्या हिरव्यागार चढउतारांवरून आठ-नऊ किलोमीटर त्याच्यामागून चालायचं. साहेब मागेल ती काठी काढून द्यायची. त्या काठ्यांना साहेब लोक क्लब म्हणतात, आणि प्रत्येकीला नंबर असतो. गवतात गेलेला चेंडू शोधायचा, चेंडू ज्या भोकात, म्हणजे होलमध्ये घालायचा त्याच्या झेंड्यापर्यंत किती अंतर राहिलं ते सांगायचं आणि साहेब काहीही बोलला तरी 'हो साहेब' म्हणायचं. हे शेवटचं कोणी शिकवत नाही, पण पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना येतं.

नामालाही आलं होतं. मैदान व्हायच्या आधी त्याच उतारावर त्यानं म्हशी चारल्या होत्या, त्यामुळे कुठली जमीन चढते आणि कुठली नुसती चढल्यासारखी दिसते हे त्याच्या पायांना कळायचं. साहेब लोक अंतर मोजायला दुर्बिणी आणायचे. नामा डोळे बारीक करून आकडा सांगायचा आणि दोन-चार पावलांपलीकडे चुकायचा नाही. इतकं असूनही पहिल्या दिवशी टिपणीस साहेबांपुढे त्यानं तीन वेळा 'हो साहेब' केलं. साहेब होते भिवपुरीच्या वीजघरातून निवृत्त झालेले इंजिनिअर, कर्जतला दहिवलीत घर बांधून राहिलेले, स्वभावानं कोरडे. ते चालता चालता थांबले.

"हे बघ नामा, मला हो-हो करणारा माणूस नको. मीटरचा काटा खोटं दाखवायला लागला तर वीजघर चालत नाही. मला राग आला तरी चालेल, तू खरं सांग."

त्या दिवसापासून नामानं खरं सांगितलं. साहेबांचा खेळ बेताचाच होता, आणि हे त्यांना तोंडावर सांगणारा अख्ख्या मैदानावर नामा एकटाच. साहेब सहा नंबर मागायचे आणि नामा म्हणायचा, आज हातात जोर नाय, पाच घ्या, तिनं लांब जातो. साहेब चिडायचे, सहाच घ्यायचे, चेंडू डबक्यात घालायचे आणि पुढच्या वेळी मुकाट्यानं हात पुढे करून म्हणायचे, तुला कुठली वाटते ती दे. अशी चौदा वर्षं गेली. साहेबांची बायको वारली तेव्हा स्मशानातून परतल्यावर अंगणातल्या एका खुर्चीवर साहेब आणि शेजारच्या पायरीवर नामा असे दोघं तासभर बसले होते. साहेबांचे नातेवाईक विचारत होते, हा कोण? कोणाला नीट सांगता येईना.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन गेल्यावर, साहेब एका सकाळी म्हणाले की एक हलकी बॅग घ्यायची आहे. एकट्यानं उचलून चालता येईल अशी, आणि तिच्यात मोजक्याच काठ्या. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. मधल्या वारी मैदानावर गर्दी नसते, तेव्हा स्वतःची बॅग स्वतः घेऊन खेळायची परवानगी होती. बायको गेल्यापासून जो तो आपल्याला धरून चालवायला बघतो, एक तरी काम आपल्याला आपल्या अंगावर घ्यायचं आहे, असं साहेब म्हणाले. मग म्हणाले, "निवडायची मात्र तू. तुझ्याइतकं बॅगेचं वजन कोणाला कळणार?"

नामा हो म्हणाला, पण त्याला ते लागलं. पोटापाण्याची चिंता नव्हती. टिपणिसांचा नामा मोकळा झाला असं कळलं असतं तर दहा साहेबांनी त्याला हाक मारली असती. त्याला झोंबलं ते दुसरंच. चौदा वर्षं ज्या खांद्यावर बॅग होती तो खांदा आता साहेबांना नको होता, आणि त्याच्या जागी येणारी बॅग निवडायचं कामही त्यालाच दिलं होतं. खालापूरच्या वाटेत साहेब गाडी चालवत हवापाण्याचं बोलत होते. नामा टोलनाक्यावरच्या रांगेतल्या गाड्या मोजत होता.

खालापूरला तहसील कचेरीमागच्या बोळात झाकीरचं दुकान आहे. पाटी छत्री आणि बॅग दुरुस्तीची. मैदानावरच्या बॅगांच्या चेनी नीट करता करता त्यानं हळूहळू जुन्या बॅगा आणि काठ्याही ठेवायला सुरुवात केली, आणि आता त्याला त्यातलं चांगलंच कळतं. साहेबांना काय हवं ते ऐकल्याबरोबर त्यानं आकडीवरची एक करडी बॅग काढली. पातळ कापडाची, दोन्ही खांद्यांवर घ्यायला दोन पट्टे, कमरेला टेकते तिथे मऊ गादी. पाठीवर दप्तरासारखी बसणारी. तिच्यात त्यानं सातच काठ्या घातल्या, त्याही पोलादी नव्हे, काळ्या हलक्या दांड्याच्या. एवढ्यात सगळा खेळ होतो, साहेब, वयाला याहून जास्त लागत नाही, असं तो सरळ म्हणाला.

ती बॅग नामानं हातात घेतली आणि त्याला कळलं की हीच. साहेबांच्या पाठीला, त्यांच्या उजव्या गुडघ्याला, सातव्या होलच्या चढाला, सगळ्याला हीच बरोबर. दुसरं कोणी असतं तर त्यानं तिथल्या तिथे सांगून टाकलं असतं.

पण त्यानं नाक मुरडलं. म्हणाला, कापड पातळ हाय, दोन पावसाळे काढायची नाय. हलक्या दांड्या वाऱ्यात हलतात. सात काठ्यांवर खेळायचं म्हंजे ऐन वेळी नेमकी लागंल तीच नसंल, मग हळहळाल. बोलताना तो साहेबांकडे बघत नव्हता. मग त्यानं कोपऱ्यातली निळी बॅग ओढली. जाड, कडक, आठ कप्पे, खाली उभं राहायला लोखंडी पाय, वर रुंद असा एकच पट्टा. तिच्यात पोलादी दांड्याच्या बारा काठ्या होत्या.

आणि इथे त्यानं ते केलं. जुन्या कॅडीला बॅग उचलायची एक हातोटी असते. पट्टा हातात धरायचा, गुडघ्यानं खालून किंचित रेटा द्यायचा, कंबर फिरवायची, आणि बॅग आपोआप खांद्यावर येते. हाताला जोर लागलेला दिसतच नाही. नामानं ती दहा-अकरा किलोची निळी बॅग दोन बोटांनी फुलासारखी उचलली, दुकानात दोन पावलं चालला आणि तशीच अलगद खाली ठेवली.

"ही घ्या साहेब. ही हलकी हाय."

झाकीरनं त्याच्याकडे पाहिलं. मग करडी बॅग पुन्हा आकडीला अडकवली. साहेबांनी करडी बॅग धड पाहिली नाही आणि निळी हातानं चाचपलीसुद्धा नाही. नामानं उचलून पाहिली म्हणजे झालं, असं त्यांना वाटलं.

नामाचा हिशेब अगदी साधा होता. साहेब दोन दिवस ती वागवतील, तिसऱ्या दिवशी दमतील आणि हाक मारतील, ये बाबा, तूच घे. मग आपण काही न बोलता ती खांद्यावर घ्यायची, आणि सगळं पहिल्यासारखं. साहेबांचं वाईट व्हावं असं त्याच्या मनात नव्हतं, त्याला नुसती ती हाक ऐकायची होती.

हाक आली नाही. रविवार सोडून अकरा दिवस साहेब निळी बॅग घेऊन मैदानावर आले. नामा दुसऱ्या एका साहेबाची बॅग घेऊन फिरायचा आणि लांबून त्याला ती निळी बॅग दिसायची, कधी उजव्या खांद्यावर, कधी डाव्या, आणि पुढे पुढे बरीचशी जमिनीवर. अकराव्या दिवशी सातव्या होलच्या चढावर साहेब खाली बसले. नामा शंभर पावलांवर उभा होता. साहेबांनी हात वर केला तेव्हा नामानं पाऊल उचललंही, पण तो हात कपाळावरचा घाम पुसायला गेला होता. साहेब बराच वेळ तसेच बसले, मग उठले आणि निळी बॅग जवळजवळ ओढत पार्किंगकडे गेले. आपण त्या दिवशी धावत का गेलो नाही, याचं उत्तर नामाला अजून देता येत नाही. नवा साहेब चेंडूपाशी उभा होता आणि नऊ नंबर मागत होता, एवढंच.

चार दिवसांनी साहेबांचा फोन आला. आवाज नेहमीचाच कोरडा होता.

"नामा, मी मैदान सोडतोय. तू ती बॅग दोन बोटांवर उचललीस ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तीच मला अर्ध्या खेळापर्यंत, नऊ होलसुद्धा, नेता येत नाही. म्हणजे माझं वय झालं. एवढं कळायला मला अकरा दिवस लागले, तुला आधीच कळलं असेल."

बॅग जड हाय साहेब, तुमी नाय थकलात, मी खोटं बोललो. एवढंच नामाला म्हणायचं होतं. त्यानं विचारलं, जेवलात का? साहेब हसले, हो म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या रात्री त्यानं बायकोला, सोनाबाईला, सगळं सांगितलं. तिनं भाकरी थापायची थांबवली. "उद्या जावा आन् सांगून टाका," ती म्हणाली. "त्यांचे पाय चांगले हायेत ह्ये त्यांना कळू तरी द्या." नामा उद्या जातो म्हणाला. उद्या रविवार होता, मैदानावर गर्दी होती. मग उन्हाळा गेला, लावणी आली, मग गणपती आले, आणि जितके दिवस गेले तितकं जाणं अवघड होत गेलं. आता इतक्या उशिरा जाऊन काय सांगायचं, असं तो म्हणायला लागला तेव्हा सोनाबाईनं तो विषय काढायचं सोडलं. तिनं सोडला, पण नामाचं मन त्याला खातच राहिलं. नव्या साहेबांना तो आता अंतर सांगायचा नाही. दुर्बिणीतून बघा, म्हणायचा.

यंदा पाऊस संपल्यावर तो एका बॅगेचा पट्टा शिवून घ्यायला झाकीरकडे गेला. करडी बॅग अजून आकडीवर होती, सातही काठ्या आत, वर प्लॅस्टिक घातलेलं. झाकीर सुईत दोरा ओवता ओवता म्हणाला, "तुझ्या साहेबांसाठी ठेवलीय. तू त्या दिवशी असं का केलंस, मी इचारत नाय. पन ही त्यांचीच हाय, घेऊन जा." नामानं मान वर केली नाही. बॅग पाठीला लावली आणि कर्जतची एसटी पकडली. सबंध वाटेत तो फोनवर न सांगितलेलं एकच वाक्य मनात घोळवत होता.

टिपणीस साहेब ओटीवर बसले होते. दोन वर्षांत माणूस अर्धा झाला होता. चालणं सुटल्यावर गुडघे आखडले होते, आता घरातल्या घरात फिरायलाही आधाराची काठी लागत होती. दाराशी ती निळी बॅग उभी होती आणि तिच्यात छत्र्या ठेवल्या होत्या. नामाला बघून साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी आत विमलबाईंना, त्यांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईंना, चहा ठेवायला सांगितलं आणि मग त्यांचं लक्ष करड्या बॅगेकडे गेलं.

ती त्यांनी हातात घेतली. परत खाली ठेवून परत उचलली. मग ते उठले, दोन्ही पट्टे खांद्यांवर चढवले आणि काठी टेकत अंगणातून फाटकाकडे निघाले. नामा सवयीनं मागून चालू लागला. फाटकाशी साहेब थांबले, कडी धरून दम खाल्ला आणि परत आले.

"किती झाली?"

"जाऊन येऊन चव्वेचाळीस पावलं," नामा म्हणाला. त्यानं मोजली होती.

साहेब खुर्चीत टेकले. बॅग त्यांनी मांडीवर घेतली आणि तिच्या कापडावरून हात फिरवत राहिले. "पाठीवर आहे असं वाटतच नाही रे," ते म्हणाले. "ही बाजारात कधी निघाली? नवीन दिसते."

झाकीरच्या दुकानातली ही बॅग साहेबांना आठवतही नव्हती. वाक्य नामाच्या ओठांवर होतं. एसटीत वीस वेळा म्हटलेलं. त्यानं साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, त्यांच्या त्या फुगलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं, आणि त्याला वाटलं की आता खरं सांगितलं तर हा माणूस उरलेले दिवस हेच मोजत बसेल, की दोन वर्षं आपण उगाच बसून काढली. की हेही त्यानं स्वतःच्या खोट्यावर घातलेलं पांघरूणच होतं, ते त्याचं त्यालाही माहीत नाही.

"आत्ताच निघाली," तो म्हणाला.

साहेबांनी मान हलवली. विमलबाईंनी चहा आणून ठेवला. साहेब बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाले, "तुला तेव्हा सांगायचं राहूनच गेलं. मी ठरवलं होतं, बॅगेची सवय झाली की मधल्या वारी माझं मी आणि रविवारी तुझ्याबरोबर. रविवार मी कोणाला देणार नव्हतो."

नामानं कप उचलला आणि परत बशीत ठेवला.

"दोन वर्षं आधी निघायला हवी होती रे ही," साहेब म्हणाले.

"हो साहेब," नामा म्हणाला.