गव्हातली चांदवेल

बासष्टच्या लढाईनंतरच्या हिवाळ्यात आमची प्लाटून जंगल ट्रेनिंगसाठी सेमाडोहजवळ उतरली होती. पहाटे पीटी, मग पेट्रोलिंग, दुपारी हत्यारांची सफाई. मी तिवशाचा. माझा जोडीदार लान्स नायक सुदाम तायडे अचलपूरकडचा. तो मला सुभान्या म्हणायचा.

एका दुपारी तंबूसाठी बांबू तोडताना माझा कोयता निसटला आणि पोटरीत खोल गेला. तायडेनं माझ्या खिशातली फील्ड ड्रेसिंगची पट्टी बांधली. ती भिजली. मग त्यानं स्वतःची बांधली. तीही भिजली.

हवालदारसाहेबांनी वायरलेस उचलला.

"एक जखमी. पोटरी कापली. गाडी पाठवा. ओव्हर."

"गाडी धारणीला गेली आहे. वेळ लागेल. दाबून धरा. आउट."

"हालू नको," म्हणून तायडे माझी पोटरी दुसऱ्या जवानाच्या हाती देऊन तंबूंशेजारच्या गव्हाच्या वावरात शिरला. परतला तो चांदवेलीचा गुंता घेऊन. बाणाच्या टोकासारखी पानं, पांढरी फुलं. आमच्याकडे बाया ती निंदून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकतात.

"हे कावून?" मी विचारलं.

"इळा लागला का माय हेच बांधते. मुळी पोट साफ कराले देते. पण मुळी लय कडक. जास्त झाली का मानूस आडवा."

उकळलेल्या पाण्यानं पानं धुऊन त्यानं ठेचली, जखमेवर थापली आणि दोन्ही हातांनी दाबून बसला. गाडी येईपर्यंत त्यानं हात काढला नाही. रक्त पानांनी थांबलं की त्या हातांनी, हे मला आजही सांगता येत नाही. डॉक्टर टाके घालताना एवढंच म्हणाले, "पानं धुतली, हे बरं केलं. दाब सोडला नाही, हे त्याहून बरं."

पासष्टच्या लढाईत तायडे माझ्या शेजारच्या मोर्च्यात, म्हणजे खंदकात होता. तोफेचा गोळा थेट तिथंच पडला. मी पोचलो तेव्हा त्याचा श्वास चालू होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. बाकी काही करायला वेळ मिळाला नाही.

सुट्टीत अचलपूरच्या एसटीनं त्याच्या घरी गेलो. बुद्धाच्या तसबिरीखाली सुदामचा वर्दीतला फोटो होता. त्याच्या आईनं मला पाण्याचा गडू दिला आणि समोर बसली.

"जातानी एकटा होता काय रे, बाबू, माहा सुदाम?"

"नाही, माय. मी होतो."

तिनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "बस. जेवून जाजो."