पराते काकांच्या मॉरिसचा खरा रंग

आमच्या गटात गाड्या तीन, त्यातल्या चालू दीड, आणि किस्से मात्र इतके की ते उभे करायला अख्ख्या नागपुरात पार्किंग मिळणार नाही! तिन्ही गाड्या जुन्या, ब्रिटिश. इंजिन बिघडलं तर आम्ही एकमेकांच्या मदतीला धावतो, पण रंगाचा विषय निघाला की भांडण ठरलेलं. हे रंग आता कुणी बनवत नाही. ज्यांनी ते पाहिले त्यांना आठवत नाहीत, आणि ज्यांना आठवतात त्या प्रत्येकाला वेगळेच आठवतात. मी डोळ्यांची डॉक्टर, गटातली एकटी बाई, म्हणून निवाड्याला सगळे माझ्याकडे येतात. आजवर एकही निवाडा मला जमलेला नाही.

* * *

गावंडे साहेब सावनेरच्या कोळसा खाणीतून इंजिनिअर म्हणून रिटायर झाले. जन्मभर काळा रंग पाहिल्यामुळे असेल, बाकी सगळ्या रंगांवर त्यांचा भारी जीव. विलायती शेडकार्ड कायम खिशात! दोन वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या गाडीला हौसेनं ‘ओल्ड इंग्लिश व्हाइट’ मारून घेतला. हा ओरिजिनल रंग मुळातच सायीसारखा पिवळट असतो.

गाडी दारात आली. वहिनी बाहेर आल्या, गाडीभोवती एक चक्कर मारली.

“अहो, नवीन रंग पिवळा काहून पडला?”

“पिवळा नाही वं तो! ओल्ड इंग्लिश व्हाइट म्हणतात त्याले.”

वहिनींनी परत एकदा निरखून पाहिलं.

“ओल्ड त दिसून राहिला. व्हाइट कुठं हाय?”

* * *

माझी ऑस्टिन वडिलांची. ती वर्षानुवर्षं एकाच जागी उभी होती, डावी बाजू भिंतीच्या सावलीत आणि उजवी नागपूरच्या उन्हात. त्यामुळे ती डावीकडून हिरवी आहे आणि उजवीकडून राखाडी. मी तशीच चालवते. खरी बाजू कोणती, हे मलाही नक्की सांगता येत नाही.

एकदा सिग्नलवर ट्रॅफिक हवालदारानं थांबवलं. कागद पाहिले. “मॅडम, याच्यावर हिरवा लिहिला हाय. गाडी त राखाडी हाय!”

मी म्हटलं, “जरा पलीकडून बघा.”

तो पलीकडे गेला. तिथून त्यानं जोडीदाराला हाक मारली. जोडीदार अलीकडेच उभा राहिला. मग गाडीच्या दोन बाजूंना उभं राहून दोघांची जुंपली. “हिरवी हाय बे!” “अबे, राखाडी हाय!” मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ!

शेवटी पहिल्यानं हात जोडले. “जा मॅडम तुम्ही. मलेच डोळे दाखवा लागते आता.”

मी माझं कार्ड दिलं. सोमवारी तो खरंच आला!

* * *

आता पराते काका. त्यांचं घराणं विणकरांचं. वडिलांनी पुढे साड्यांचं दुकान काढलं आणि बऱ्या दिवसांत एक मॉरिस मायनर घेतली. काकांची थोरली बहीण लग्न होऊन याच गाडीतून रामटेकला सासरी गेली. काका तेव्हा लहान होते. गाडीमागे कोपऱ्यापर्यंत रडत धावले होते म्हणे.

या बाई आता फार थकल्या आहेत. या दिवाळीला काकांना त्यांना त्याच गाडीतून, त्याच रंगाच्या गाडीतून, माहेरी आणायचं होतं.

“या वेळी आली त आली, मॅडम,” ते मला म्हणाले. “पुढच्या दिवाळीचं काही सांगता येत नाही.”

 

मधल्या काळात मॉरिसला इतके रंग फासले गेले होते की मूळ रंगाचा पत्ताच नव्हता. कामठी रोडवरच्या रफीकभाईच्या पेंटिंगच्या शेडमध्ये काका नमुना म्हणून बहिणीच्या लग्नाचा फोटो घेऊन गेले. फोटो ब्लॅक अँड व्हाइट!

“इसी में देख के मिला दो,” काका म्हणाले.

रफीकभाईनं फोटो उजेडात धरला. “काका, इसमें तो दुल्हन भी ग्रे है!”

* * *

मग गावंडे साहेबांनी मॉरिसच्या डिकीच्या तळाशी, स्टेपनीखाली पॉलिश पेपर घासला. थरामागून थर निघाले. सगळ्यात खाली, पत्र्याला चिकटलेला, निळसर रंग सापडला.

“स्मोक ग्रे!” गावंडे ओरडले. “सापडला!”

“साब, ये तो नीला है,” रफीकभाई म्हणाला.

“निळाच असते तो. नाव ग्रे हाय.”

“तो मैं नाम लगाऊँ के रंग?”

पराते काका मात्र हटून बसले. “हिरवा होता. कोवळ्या हरभऱ्याच्या पाल्यावानी. माह्या डोळ्यासमोर हाय अजून.”

“अहो, पत्रा खोटं बोलते का?” गावंडे म्हणाले.

“गाडी माही, बहीण माही. हिरवा मंजे हिरवा!”

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी चहा मागवला.

* * *

त्याच सुमारास मी काकांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं. पट्टी निघाली तसे काका तडक शेडमध्ये, रफीकभाईनं कालवलेला हिरवा नमुना पाहायला. तिथूनच मला फोन.

“मॅडम, कोणता डोळा बिघडवला तुम्ही? एकानं हिरवा दिसते, दुसऱ्यानं पिवळा!”

मी समजावलं की मोतीबिंदूतून सगळं पिवळट दिसतं, तो काढला की रंग उजळतात. दुसरा डोळा झाला की दोन्ही सारखे होतील. काकांना कितपत पटलं कोण जाणे. मागून रफीकभाईचा आवाज आला.

“काका, जल्दी बोलो! कौनसी आँख वाला मारूँ?”

* * *

शेवटी मॉरिस हिरवी झाली. गावंडे साहेब दोन रविवार रुसले, पण रामटेकला निघालो तेव्हा मागच्या सीटवर आधी तेच जाऊन बसले. “चूक झाली त साक्षीदार पाहिजे,” म्हणाले.

बाई अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. काकांनी त्यांना हाताला धरून गाडीपाशी आणलं. 

“बाई, सांग. तोच रंग हाय ना?”

बाई गाडीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “मले काय माहीत गा, बाळ्या?”

काकांचा चेहरा पार उतरला. गावंडे साहेबांना राहवेना. त्यांनी शेडकार्ड काढलंच. “आठवून पाहा ना बाई. निळसर होती का?”

“अहो, मी त आत बसली होती! तोंडावर पदर, डोळ्यात पानी. मागच्या काचेतून हा पोट्टा धावताना दिसे, तेवढाच पाहत गेली मी. गाडीचा रंग कोन पाहते?” मग त्या काकांकडे वळल्या. “तुहा सदरा आठवते मले. बाबानं दुकानातल्या उरल्या कापडाचा शिवला होता. तोच घालून धावून राहिला होता तू.”

“कोणत्या रंगाचा होता, बाई?” काकांनी विचारलं.

बाईंनी बॉनेटवर हात ठेवला.

“हाच नाही का!”