डुंबा रंगाची भिंत

पेंटर कामातून मोकळा झाला आणि घरी बसून त्याने चक्क एक भाषा तयार केली. ती एकटी पडेल म्हणून तिला दोन लेकीही दिल्या. थोरली भिंतबोली स्वतःकडे ठेवली, धाकटी सुईबोली शिवणकाम करणाऱ्या बायकोच्या पदरात टाकली. भिंतबोलीत बोटांच्या पेरांवर मोजायचं, हाताला बारा. सुईबोलीत बोटांमधल्या फटी मोजायच्या, हाताला चार. फटीत काय हवा मोजतेस, असं तो चिडवी. दोरा फटीतूनच जातो, असं ती सुनावी.

खरं भांडण रंगांवरून. भिंतबोलीत नुसत्या पांढऱ्याला सहा शब्द. सुईबोलीत काळ्या-निळ्याला मिळून एकच, डुंबा. पेंटरने परोपरीने समजावलं, पण बाई हटेना. मला दोन दिसतच नाहीत, तर शब्द दोन कशाला, म्हणाली. तेव्हा कुठे त्याची ट्यूब पेटली आणि त्याने तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू चांगला पिकला होता.

ऑपरेशन ठरलं आणि पेंटर काळजीत पडला. डोळ्यांची काळजी नव्हती. हिला सगळे रंग दिसायला लागले, की ही सुईबोली टाकून देणार, मग दुपारभर भांडायचं कुणाशी? तिचं मन भाषेत राहावं म्हणून, ती दवाखान्यात असताना त्याने शिवणयंत्रामागची भिंत रंगवली. काळ्यात निळा कालवून, अगदी जीव ओतून, अस्सल डुंबा.

पट्टी निघाली, ती घरी आली आणि भिंतीसमोर थबकली.

"अहो, इथे कोळशाची वखार काढताय का?"

"तुझाच डुंबा आहे," पेंटर पुटपुटला.

ती खुर्चीत बसून इतकी हसली, की डोळ्यांना ताण नको असं त्यालाच सांगावं लागलं. मग तिने खिडकीतलं आभाळ दाखवलं. ते आणि ही भिंत एकाच शब्दात कोंबणं म्हणजे हत्तीला टोपडं घालणं, म्हणाली.

पेंटरचा चेहरा उतरला. "म्हणजे सुईबोली बंद?"

"बंद कशानं? लेक झाली तिला. तिचा पहिला शब्द झिळू, त्या आभाळाचा. म्हातारीचा डुंबा म्हातारीपाशी राहू दे. तुम्ही भिंत झिळू करा."

किती हात मारू, पेरांनी मोजू की फटींनी, असं त्याने विचारलं.

"पोरीला आकडे कुठे येतात अजून? काळं दिसायचं थांबेपर्यंत मारा."

पेंटर टुणकन उठला. डबे आणायला जाताजाताच त्याने पहिली हरकत घेतली, की झिळू हा शब्द जरा हिरव्याकडे झुकतोय.